वैमानिकाचा डोळा : एका नियमाची जन्मकथा

रामटेकला बसस्थानकाजवळ माझे झेरॉक्सचे दुकान आहे. सुरुवातीला नुसते झेरॉक्स आणि लॅमिनेशन होते. पुढे सगळे अर्ज ऑनलाइन झाले तसा एक संगणक आला, मग दुसरा. तलाठी भरती, पोलीस भरती, स्कॉलरशिप, रेल्वे आणि वर्षातून दोनदा एनडीएचा अर्ज. गडाच्या पायथ्याशी आणि मनसर, कांद्री, नगरधनच्या बाजूला फौजेत जायची इच्छा असणारी पोरे कमी नाहीत. बहुतेकांचे मन जमिनीवरच्या फौजेत असते. एखादाच म्हणतो, ‘काकाजी, एअर फोर्स पयल्या नंबरावर टाका.’

असा एक माझ्या घरातच निघाला, माझा भाचा. बारावीत असताना फळ्यावरचे अंधूक दिसू लागले म्हणून डोळे तपासले, तर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोनचा नंबर. पोरगा दोन दिवस जेवला नाही. मग कोणीतरी त्याला सांगितले की लेसरने नंबर जातो. तो दुकानात आला आणि म्हणाला, ‘मामा, लेसर केलं तर एअर फोर्समध्ये चालते न? पाहा बरं एकदा.’ मी पडद्यावर भरतीची अधिसूचना उघडली, त्यात ‘लॅसिक’ हा शब्द शोधला. ‘योग्य समजता येईल’ अशा अर्थाचे वाक्य सापडले आणि मी म्हणालो, ‘चालते.’ त्या वाक्याखाली अटी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत.

बहिणीने गळ्यातला गोफ आणि दोन बांगड्या गहाण ठेवल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तेव्हा त्याचे वय होते एकोणीस वर्षे दोन महिने. पुढे बी.एस्सी. करून बाविसाव्या वर्षी तो वायुदलाची एएफकॅट ही परीक्षा उत्तीर्ण झाला, मुलाखतीचे पाच दिवसही पार पडले. दिल्लीला वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारले, शस्त्रक्रिया कधी झाली? त्याने तारीख सांगितली. अधिसूचनेतली पहिलीच अट होती, शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी झालेली नसावी. दहा महिन्यांनी तो कायमचा अपात्र ठरला.

मी इतिहासाचा शिकलेला माणूस नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटले. जे वाचले ते नागपूरच्या वाचनालयांत आणि दुकान बंद केल्यावर. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून गेला नाही. विसाव्या वर्षापूर्वी नको, हे कोणी ठरवले? का ठरवले? त्या अटीच्या खाली आणखी आकडे होते. २५.५ मिलिमीटर, ४५० मायक्रॉन, ६ डायॉप्टर, १२ महिने. सरकारी कागदावरचे असे आकडे आपण नशीब म्हणून स्वीकारतो. मला वाटले, यांनाही आईबाप असतील. त्यांचा शोध घेता घेता जे सापडले ते इथे मांडतो आहे.

१

डोळा आणि फौज यांची जोडी विदर्भाला नवी नाही. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे नागपूरकरांना राजकारणातले म्हणून ठाऊक आहेत. ते राजकारण वादाचे आहे आणि या लेखाचा विषयही नाही. पण मुंजे पेशाने नेत्रवैद्य होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. १८७२ साली बिलासपूरला जन्म, १८९८ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची पदवी, मग बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिका, आणि परतल्यावर नागपुरात डोळ्यांचा दवाखाना. त्यांनी ‘नेत्रचिकित्सा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. ज्या रामटेकला आज कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे तिथल्या माणसाला या गोष्टीचे कौतुक वाटणारच.

हेच मुंजे १९३१ साली भारतीय लष्करी महाविद्यालयाचा आराखडा ठरवणाऱ्या समितीवर होते. सरसेनापती चेटवुड तिचे अध्यक्ष. त्यातून १९३२ साली डेहराडूनची अकादमी उभी राहिली. १९३७ साली मुंज्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस तरुणांना फौजेत पाठवण्याचा ध्यास घेतो, यात मला योगायोगाहून अधिक काही दिसते. फौजेच्या दारात पहिली परीक्षा शरीराची असते, हे नेत्रवैद्याइतके कोणाला कळणार?

भारतीय वायुदलाची स्थापनाही त्याच साली, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकून आलेल्या पहिल्या तुकडीत सहा जण होते, पण वैमानिक झाले पाच. सहावे जे. एन. टंडन. त्यांची उंची विमान चालवण्याला कमी पडली आणि त्यांना साहित्य-पुरवठ्याच्या कामावर जावे लागले. म्हणजे वायुदलाच्या पहिल्याच पानावर शरीराच्या मापाने घडवलेले एक नशीब लिहिलेले आहे. माझा भाचा त्या यादीतला पहिला नाही, हे समजल्यावर मला थोडे बरे वाटले. त्याला वाटले नाही.

२

दृष्टी मोजण्याचे साधन वैमानिकाहून जुने आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता असतो, तो १८६२ साली हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेन यांनी तयार केला. ६/६ चा अर्थ सरळ आहे. साधारण निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे वाचता येते ते तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता येते. ६/९ म्हणजे त्याला जे नऊ मीटरवरून दिसते त्यासाठी तुम्हाला सहा मीटरवर यावे लागते. रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखण्याची चाचणी जपानच्या शिनोबू इशिहारा यांची. ती जपानी सैन्याच्या भरतीसाठी तयार झाली आणि १९१७ साली प्रसिद्ध झाली. आजही वायुदलाच्या तपासणीत हे दोन्ही वारसे आहेत.

त्याच १९१७ सालची एक गोष्ट. कलकत्त्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये शिकत होता. पहिले महायुद्ध चालू होते. त्याने ब्रिटिशांच्या उड्डाण दलाकडे अर्ज केला आणि दृष्टी कमी म्हणून तो नाकारला गेला. सांगतात की त्याने आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशात लंडनच्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली. निकाल बदलला. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा हवाई विजय जमा झाले आणि २२ जुलैला तो फ्रान्सवर लढताना मारला गेला. वय एकोणीस. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही त्याच दलात होते आणि त्याच उन्हाळ्यात कामी आले.

रॉयने मोटारसायकल विकली, माझ्या बहिणीने गोफ गहाण ठेवला. दोघांचा हेतू एकच होता, पण मधल्या शंभर वर्षांत एक गोष्ट बदलली. १९१७ साली दृष्टीचा निकाल बराचसा तपासणाऱ्याच्या मतावर होता, म्हणून दुसरे मत विकत घेता आले. आज यंत्र आकडा सांगते. आकड्याला दुसरे मत नसते.

आणि डोळ्याचा एवढा आग्रह का, तेही समजून घेतले पाहिजे. समोरासमोर येणारी दोन लढाऊ विमाने प्रत्येकी ताशी १००० किलोमीटरने येत असतील तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला साडेपाचशे मीटरने कमी होते. दहा किलोमीटरवर जो ठिपका आहे तो अठरा सेकंदांत अंगावर येतो. रडार आले, पडदे आले, तरी ठिपका आणि पक्षी, ढग आणि डोंगर यांतला फरक शेवटी माणसाच्या डोळ्याला करावा लागतो. गडावर उभे राहिले की नागपूरकडे उतरणारी विमाने दिसतात. ती आपल्याला संथ वाटतात, कारण आपण जमिनीवर आहोत.

३

आता शस्त्रक्रियेकडे. उणे नंबर म्हणजे काय, हे दुकानात येणाऱ्या पालकांना मी असे सांगतो. डोळा हा जुन्या कॅमेऱ्यासारखा आहे. पुढे बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मागे चित्र उमटायचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल. डोळ्याचा गोळा मागे लांबट वाढला तर दूरचे चित्र दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि अंधूक दिसते. चष्म्याची भिंग चित्र मागे ढकलते. तेच काम भिंगेवाचून करायचे, तर पुढचा कॉर्निया थोडा चपटा करायचा. सगळ्या शस्त्रक्रियांमागे हीच एक कल्पना आहे.

ती प्रथम चाकूने करून पाहिली. १९३० च्या दशकाअखेर जपानचे त्सुतोमू सातो यांनी कॉर्नियाला आतल्या बाजूने चाकाच्या आऱ्यांसारखे छेद दिले. नंबर उतरले. पण कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी एकदा मेल्या की परत तयार होत नाहीत. अनेक वर्षांनी त्यांच्या रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढरे पडू लागले. १९७४ पासून मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी तेच छेद बाहेरून द्यायला सुरुवात केली. चष्मा फुटून काच डोळ्यात गेलेल्या एका मुलाचा नंबर जखम भरल्यावर कमी झालेला दिसला आणि त्यातून ही वाट सुचली, असे सांगितले जाते. रेडियल केराटोटॉमी या नावाने ती शस्त्रक्रिया जगभर गेली आणि लाखो लोकांनी चष्मे टाकले.

तिचा दोष उंचीवर उघडा पडला. १० मे १९९६ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासचे बेक वेदर्स हे डॉक्टर एव्हरेस्ट चढत होते. त्यांची ही छेदांची शस्त्रक्रिया झालेली होती. आठ हजार मीटरच्या वर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आणि ते एका जागी थांबून राहिले. त्याच दिवशीच्या वादळात अनेक गिर्यारोहक मेले. वेदर्स मृत समजून मागे सोडले गेले, तरी स्वतः उठून चालत आले; हिमदंशाने हात मात्र गमावून बसले. कारण असे, की कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात; तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. हवा विरळ झाली की तो थोडा सुजतो. धडधाकट कॉर्निया सगळीकडे सारखा सुजतो, पण छेद दिलेला कॉर्निया छेदांच्या बाजूला जास्त फुगतो, मध्यभाग आणखी चपटा होतो आणि डोळा एकाएकी अधिक नंबराचा बनतो. अमेरिकी लष्करातल्या नेत्रतज्ज्ञांनी उंचीवरच्या तपासण्यांतून हेच दाखवले. उंचीवर काम करणाऱ्या माणसाला असा डोळा कसा चालेल?

आपल्या वायुदलाच्या नियमात आज एक ओळ आहे की रेडियल केराटोटॉमी झालेला उमेदवार वायुदलाच्या कोणत्याही कामासाठी घेतला जाणार नाही. तिथे अट नाही, सूट नाही. ती ओळ वाचताना मला आता बर्फात एकटा उभा असलेला माणूस दिसतो.

४

चाकूची जागा प्रकाशाने घेतली ती एका मद्रासच्या माणसामुळे. रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ चा. ते न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्स येथे आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ होते. तिथे एक्सायमर लेसर होता. तो १९३ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश देतो. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन सणाच्या जेवणातले उरलेले टर्कीचे तुकडे घेऊन प्रयोगशाळेत आले आणि त्यावर हा प्रकाश सोडला. कडा जळल्या नाहीत, काळ्या पडल्या नाहीत. सुतारालाही न जमणारी स्वच्छ खाच पडली. हिरव्या लेसरने त्याच मांसाला चटका दिला होता. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. माणसाच्या एका केसावर याच प्रकाशाने कोरलेल्या खाचांचे छायाचित्र पुढे जगभर छापले गेले.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांना हे कळले आणि १९८३ साली त्यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत गाईच्या डोळ्यांवर प्रयोग केला. १९८८ पर्यंत दृष्टी असलेल्या माणसाच्या डोळ्यावर ही शस्त्रक्रिया झाली. कॉर्नियाची वरची साल काढून लेसरने पृष्ठभाग घासायचा, ही पहिली रीत. तिला पीआरके म्हणतात. १९९० च्या सुमारास ग्रीसचे इओआनिस पल्लिकारिस यांनी दुसरी रीत रूढ केली. कॉर्नियाचा वरचा पातळ थर पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, आतला भाग लेसरने घासायचा आणि पान परत मिटायचे. हेच लॅसिक. दुखणे कमी, दृष्टी दुसऱ्या दिवशी. शहरांतल्या फलकांवरून जे आपल्यापर्यंत पोहोचले ते हेच. श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक २०१३ साली अध्यक्षांच्या हस्ते मिळाले.

फौजांना मात्र त्या ‘पानाचीच’ भीती वाटली. पान पुन्हा चिकटते, पण पूर्वीसारखे एकजीव होत नाही. विमानातून आसनासकट बाहेर फेकले जाताना तोंडावर आदळणाऱ्या वाऱ्यात ते सरकले तर? अमेरिकी नौदलात स्टीव्ह शालहॉर्न नावाचे नेत्रतज्ज्ञ होते, ते आधी स्वतः एफ-१४ चे वैमानिक होते. १९९० च्या दशकात सॅन डिएगोच्या नौदल रुग्णालयात त्यांनी आधी पीआरकेची आणि पुढे लॅसिकची पाहणी केली, तीही तक्त्यावरच्या अक्षरांपुरती नाही. रात्रीची दृष्टी, दिव्यांभोवतीची वलये, कमी प्रकाशातला फरक, जहाजावर विमान उतरवणे. वर्षानुवर्षांच्या नोंदींनंतर दारे किलकिली झाली. २००७ साली अमेरिकी वायुदलाने लॅसिक झालेल्या उमेदवारांना वैमानिक प्रशिक्षणासाठी वाट मोकळी केली, त्याच वर्षी नासाने अंतराळवीरांसाठी. टर्कीपासून तिथवर सव्वीस वर्षे लागली. दवाखान्यांच्या जाहिराती त्याच्या कितीतरी आधी आल्या होत्या. त्या दोन गतींमधल्या फटीत माझ्या भाच्यासारखी पोरे पडतात.

५

आता आपल्या वायुदलाचा नियम पुन्हा वाचू. अलीकडच्या वर्षांतल्या अधिसूचनांत तो साधारण असा आहे. पीआरके किंवा लॅसिक झालेला उमेदवार योग्य समजता येईल, जर शस्त्रक्रिया विसाव्या वर्षापूर्वी झालेली नसेल. डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल. शस्त्रक्रियेला किमान १२ महिने झाले असतील आणि काही गुंतागुंत नसेल. उरलेल्या कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसेल. आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर ६ डायॉप्टरपेक्षा जास्त नसेल. त्यानंतरही वैमानिकाला दृष्टीची बाकी परीक्षा द्यावीच लागते.

यातला २५.५ चा आकडा मला सर्वांत शहाणा वाटतो. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी पुढून मागे साधारण २३.५ ते २४ मिलिमीटर असते. ती एक मिलिमीटरने वाढली की अडीच ते तीनचा उणे नंबर येतो. लेसर फक्त पुढचा पडदा चपटा करतो. मागे लांबलेला गोळा लांबच राहतो. त्या लांबीने दृष्टिपटल ताणलेले असते आणि ते पुढेमागे फाटण्याचा, सुटण्याचा धोका चष्मा गेल्याने जात नाही. तक्त्यावर ६/६ वाचणारा माणूसही आत उणे पाचचा डोळा घेऊन बसलेला असू शकतो. म्हणून वायुदल लांबी मोजते. लेसरला नंबर पुसता येतो, लांबी पुसता येत नाही.

४५० आणि ६ यांचे नाते मी पाटीवर हिशेब करून पाहिले. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागावर एक डायॉप्टर उतरवायला अंदाजे १२ मायक्रॉन थर घासावा लागतो. सहा डायॉप्टरला ७२. पाचशे चाळीसमधून बहात्तर गेले, उरले चारशे अडुसष्ट. साडेचारशेच्या जेमतेम वर. नियम लिहिणाऱ्यांनी असाच हिशेब मांडला असे मी म्हणत नाही, पण दोन्ही आकडे एकमेकांना धरून उभे आहेत हे नक्की. फार पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबाने पुढे फुगू लागतो, ही त्यामागची भीती. बारा महिन्यांमागचे कारण साधे आहे. जखम भरणे, धूसरपणा निवळणे आणि नंबर स्थिर राहणे यांना ऋतूंचे एक चक्र द्यावे.

राहिली विसाव्या वर्षाची अट. नागरी दवाखान्यात अठरा पूर्ण झालेल्याची शस्त्रक्रिया करतात. कायद्याने तो सज्ञान असतो. पण डोळा कायदा वाचत नाही. उणे नंबर किशोरवयात वाढतो आणि विशीच्या आसपास स्थिरावतो. त्याआधी घासलेल्या डोळ्याचा नंबर परत येऊ शकतो. सैन्य आजच्या डोळ्यावर पैसे लावत नाही, पुढच्या वीस वर्षांच्या डोळ्यावर लावते. म्हणूनच सेवेत असताना चष्मा लागलेला अनुभवी वैमानिक चष्मा लावून विमान चालवतो आणि दारात उभ्या मुलाला पाव नंबरही माफ होत नाही. हे मला आधी अन्यायाचे वाटे. आता त्यातला हिशेब कळतो.

आणखी एक गोष्ट पालकांना पटत नाही. वैमानिकासाठी उणे नंबर शून्य लागतो, पण अधिक नंबर २ पर्यंत चालतो, त्याने दृष्टी ६/६ होत असेल तर. कारण तरुण डोळा आतल्या भिंगेला ताण देऊन थोडा अधिक नंबर स्वतःच भरून काढतो. उणेला तसा उपाय निसर्गाने ठेवलेला नाही.

६

आता बेरीज-वजाबाकी. एनडीएत प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लॅसिक विसाव्या वर्षाआधी नको. ही दोन वाक्ये अधिसूचनेत वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून एकत्र वाचली जात नाहीत. वाचली तर कळते की एनडीएतून वायुदलात जाऊ पाहणाऱ्यासाठी लेसरचा रस्ता मुळातच नाही. उरतो पदवीनंतरचा रस्ता. एएफकॅटने उड्डाण शाखेत जायचे तर वय वीस ते चोवीस, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असेल तर सव्वीस. वीस पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया, एक वर्ष विश्रांती, म्हणजे एकवीस. हातात उरतात तीन वर्षे. भाच्याने दहा महिने थांबायला हवे होते. तीन वर्षे तशीही हातात होती.

हे दहा महिने माझे देणे आहे.

दिल्लीहून परतल्यावर त्याने एक गोष्ट सांगितली. तपासणीला आलेल्या एकाने त्याला विचारले होते, ‘तारीख खरी कशाला सांगितली? यंत्रात जाडी दिसते, लांबी दिसते, तारीख थोडीच दिसते?’ खरे आहे. नियमातल्या सगळ्या आकड्यांमध्ये वय हाच एक असा, की तो डोळ्यात लिहिलेला नसतो. बाकी सगळे यंत्र मोजते, एवढे एक माणसाच्या तोंडातून यावे लागते. मी विचारले, ‘मग का सांगितली रे?’ तो म्हणाला, ‘मामा, पयल्याच दिवशी खोटं बोलून कोण्या तोंडानं सलाम ठोकू?’ मी पुढे काही बोललो नाही.

खडकवासला आणि साताऱ्याचे सैनिक स्कूल (१९६१ साली सुरू झालेले, देशातले पहिले) यांच्यामुळे मराठी मुलांना फौजेची वाट जवळची झाली. नागपुरात तर वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. वाट जवळ आहे, पण माहिती अजून लांब आहे. इथली पोरे त्या वाटेवर जाण्यासाठी पहाटेपासून अभ्यासिकेत बसतात, ट्यूबलाइटखाली, रात्री मोबाइलवर प्रश्नपत्रिका. आणि घराबाहेरच्या उजेडात न घालवलेले बालपण उणे नंबराला बोलावते, हे आता संशोधनाने बरेच स्पष्ट झाले आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ मोकळ्यावर ठेवले, तर तीन वर्षांत नव्याने चष्मा लागणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. ज्या परीक्षेसाठी मुलगा डोळे ताणतो, त्याच परीक्षेच्या दुसऱ्या दारात ते डोळे त्याला परत पाठवतात. अंबाळा तलावाच्या काठी रोज तासभर खेळू दिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हा घरच्यांना फार उशिरा पडला.

वा. वि. मिराशींनी कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मांडले. तसे असेल तर आकाशातून नद्या, शेते, नगरे कशी दिसतील याची कल्पना या टेकडीवर बसून कोणीतरी विमानाच्या कितीतरी शतके आधी केली होती. वरून पाहण्याची ओढ या गावात जुनी आहे. ती ज्याला लागली त्याला खाली बसलेल्यांनी निदान नीट वाचून सांगितले पाहिजे.

भाचा आता नागपूरला एका कंपनीत काम करतो. बांगड्या सुटल्या, गोफ अजून बाकी आहे. दुकानात काउंटरच्या काचेखाली मी एक कागद लावला आहे. त्यावर सहा ओळी आहेत, नियमाच्या, साध्या मराठीत. अधिसूचना दरवर्षी नवी निघते, म्हणून दरवर्षी ताडून पाहतो. मागच्या महिन्यात मनसरची एक बाई मुलाला घेऊन आली. एनडीए आता मुलींसाठीही आहे न, धाकटीचं पण पाहा, म्हणाली. मुलाच्या नाकावर चष्मा होता. तिने विचारले, ‘भाऊ, याचं लेसर करून टाकू का या दिवाळीत? पैसे जमले हायेत.’

मी संगणकाकडे वळलो नाही. आधी विचारले, ‘बाई, पोराची जन्मतारीख सांगा.’